चार नंबरच्या ट्यूबमधली गाठ

मी ज्यांचे उपकार मानते अशी माणसं फार नाहीत. स्वभावच तसा. कुणी काही दिलं तर आधी मला त्यातली खोट दिसते आणि आभार मानायचे राहून जातात. पण त्या थोड्या माणसांत एक बाई सगळ्यांच्या वर आहे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती दिवसातून चार वेळा मिश्री लावायची, आणि एकदा सलग तीन आठवडे ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. त्या तीन आठवड्यांसकट मी तिचे उपकार मानते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि एमआयडीसीतल्या एका फायबर ग्लासच्या वर्कशॉपमध्ये लागले होते. कूलरच्या बॉड्या, शेतात औषध फवारायच्या टाक्या, एखाद्या जिनिंगवाल्याला पाण्याची मोठी टाकी, असली कामं तिथे चालायची. मालक मूळचे जळगावचे, घरचा पाइपचा धंदा. भावांशी पटलं नाही म्हणून धुळ्याला येऊन वेगळी चूल मांडलेली. माझं काम रेझिन आणि हार्डनर मोजून मिसळायचं, वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. रेझिन म्हणजे तो चिकट रस, ज्यात काचेचा धागा बुडवतात. हार्डनर घातलं की तो दगडासारखा घट्ट होतो. मोजायला मालकांनी जळगावच्या एका ओळखीच्या सराफाकडून जुना काटा आणला होता. त्या काट्यासमोर बसले की मला आपण फार मोठ्या कुणी आहोत असं वाटायचं.

आमच्या गल्लीत कारखान्यात सही करणारी मुलगी मी पहिलीच. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी मला कामावर जाऊ दिलं, पण बोलून ठेवलं होतं, "एक वर्ष. मग दीपनगरच्या लोकांना मी हो म्हणणार." दीपनगरचा मुलगा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला होता. क्वार्टर होतं, घरचे लोक चांगले होते. त्यांना फक्त नोकरी करणारी सून नको होती. वडिलांचं म्हणणं साधं होतं: वर्षभरात हे काम तुझं आहे असं मला दिसलं तर मी त्यांना नाही म्हणेन, नाही दिसलं तर तू तिकडे जायचंस. मी ते मान्य केलं होतं. मला वाटलं होतं, वर्ष म्हणजे पुष्कळ.

सहा महिने झाले होते तेव्हा पुण्याहून एक साहेब आले. पन्नाशीचे, बारीक, खिशाला चार पेनं. ते मालकांशी केबिनचं दार लावून दोन तास बोलले. मालकांनी आम्हाला काहीही सांगितलं नाही. चहावाल्याला मात्र दुसऱ्या दिवशी माहीत होतं, "रॉकेटचं काम शे म्हणे." पुढे साहेबांनीच आम्हाला एका बाजूला बसवून जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. क्षेपणास्त्राचं इंधन ज्या नळीत जळतं ती नळी पोलादाची असते. ती काचेच्या धाग्याची करून बघायची होती. धागा रेझिनमधून ओला करून साच्यावर गुंडाळायचा, थरावर थर चढवायचे, मग भट्टीत भाजायचं. पोलादापेक्षा कितीतरी हलकी, आणि नळी हलकी झाली की क्षेपणास्त्र तेवढंच लांब जाणार. "बाहेरच्या देशांकडे मागितलं तर देत नाहीत," साहेब म्हणाले, "आणि दिलं तरी कसं केलं ते सांगत नाहीत. म्हणून आपण शिकायचं." मोठ्या प्रयोगशाळेत हे काम चालू होतंच. आमच्याकडे फक्त सहा लहान ट्यूब करून बघायच्या होत्या, हातभर लांबीच्या, कळशीच्या तोंडाएवढ्या रुंद. त्या उडणार नव्हत्या. त्यांच्यात पाणी भरून दाब द्यायचा आणि किती सहन करतात ते बघायचं, एवढंच. तरी मी त्या दिवशी घरी जाताना सायकल उगाचच जोरात मारली.

एक जुनं लेथ मशीन बदलून आमच्या फिटरने गुंडाळायचं यंत्र तयार केलं. साचा सावकाश फिरायचा, बारा रिळांवरचे धागे रेझिनच्या भांड्यातून येऊन त्यावर तिरपे बसायचे. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात धागा तुटायचा. काचेचा धागा दिसायला रेशमासारखा, पण जरा वाकडा ओढला की गेला. त्यात धुळ्याचा एप्रिल. दुपारी रेझिन भांड्यातच घट्ट व्हायचं, म्हणून आम्ही सकाळी सहाला सुरू करून भांड्याभोवती बर्फ लावायचो. आमचे दोन कामगार त्या धाग्यांना इतके वैतागले की एकाने सरळ सांगितलं, टाक्यांचं काम द्या, नाहीतर मी चाललो.

तेव्हा मालकांनी अक्काला आणलं. ती धुळ्यातल्या एका कापड मिलच्या वाइंडिंग खात्यात, धागा रिळांवर भरायच्या कामावर, बावीस वर्षं होती. मिल बंद पडली तशी घरी बसली होती. काटक अंगाची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पहिल्या दिवशी तिने यंत्राकडे बघितलं, बारा धाग्यांवरून एकदा तळहात फिरवला आणि फिटरला अहिराणीत म्हणाली, "हाऊ तिसरा जास्ती ताणेल शे. ढिला कर." फिटरने तणावाचा काटा लावून बघितला. तिसराच होता. मी बी.एस्सी., मला अर्थातच राग आला.

राग फार दिवस टिकला नाही. अक्काला धागा तुटायच्या आधी कळायचं. ती पाठमोरी असली तरी वळायची. मी विचारलं तर म्हणाली, "पोरी, धागा तुटाना आधी बोलस. ते ऐकाले शिक." मी आठ दिवस कान लावून बसले. मला फक्त मोटार ऐकू आली. पण तिच्याजवळ बसायची सवय लागली. तिच्याकडून मी काचेचं कुसळ हातात गेल्यावर काय करायचं ते शिकले, रिळं ओलसर हाताने न उचलायला शिकले, आणि पगाराच्या दिवशी मालकांसमोर कसं उभं राहायचं तेही शिकले.

आणि मी तिच्याकडून गाठ शिकले. आता हे नीट सांगते, कारण सगळं त्या गाठीवर अडलं.

धागा तुटला की अक्का यंत्र थांबवायची, दोन्ही टोकं डाव्या अंगठ्याखाली धरायची, उजव्या हाताचं काहीतरी एक वळण, एक हिसका, आणि नखाने उरलेली टोकं खुडायची. पाहणाऱ्याला दिसायचंच नाही. गाठ एवढी बारीक की बोट फिरवलं तरी लागायची नाही. मिलमध्ये बाईची लायकी या गाठीवर ठरायची. तुटलेला धागा तसाच सोडणारी बाई म्हणजे दार उघडं टाकून बाजारात गेलेली बाई, असं अक्का म्हणायची. तिच्या बोटांनी बावीस वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं. साहेबांच्या सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, धागा तुटल्यास दोन्ही टोकं चार बोटं एकावर एक ठेवून पुढे चला. मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा अक्का हसली. नुसतं ठेवायचं? सुटणार नाही का? मलाही तिचं पटलं. कागद पुण्याच्या माणसाने लिहिलेला, आणि गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी घरी शिवणाच्या दोऱ्यावर सराव करायला लागले. जेवताना हातात दोरा. वडील म्हणाले, कॉलेजात हेच शिकायचं राहिलं होतं वाटतं.

चार नंबरची ट्यूब चालू होती त्या सकाळी अक्का बर्फाची लादी फोडायला मागे गेली होती. धागा तुटला. यंत्र थांबवून तिला हाक मारायला हवी होती. मी गाठ मारली. पाच वेळा सुटली, सहाव्यांदा बसली. टोकं खुडता आली नाहीत, ती तशीच शेपटीसारखी राहिली. यंत्र चालू केलं आणि बघता बघता गाठ थराखाली गेली. अक्का आली तेव्हा मी तिला छाती फुगवून सांगितलं. "शिकनी व माय!" ती म्हणाली आणि माझ्या पाठीत एक धपका घातला. नोकरीतला सगळ्यात मोठा सन्मान मला त्या धपक्यात मिळाला असं मी त्या दिवशी समजत होते.

महिनाअखेर साहेब दाब द्यायला आले. वर्कशॉपमागे खड्डा खणून भोवती वाळूची पोती रचली होती. ट्यूबची दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं आणि हातपंपाने दाब वाढवत न्यायचा. पहिली टिकली. दुसरी टिकली. तिसरी टिकली तेव्हा मालकांनी पेढे आणायला माणूस पाठवला. चौथी ठरलेल्या दाबाच्या निम्म्यावर फुटली. आवाज असा झाला की शेजारच्या डाळमिलमधली माणसं बाहेर आली. पाणी उडून मालकांचा नवा सफारी चिंब. हसावं असं कुणालाही वाटलं नाही.

साहेबांनी पहिली मागितली ती माझी वही. हार्डनर कमी पडलं तर ट्यूब कच्ची राहते, त्यांचा पहिला संशय साहजिकच तिथे गेला. मी म्हणाले, माझं वजन बरोबर आहे. मालक म्हणाले, "मुली, तू नवीन आहेस." मी म्हणाले, नवीन असले तरी काटा जुना आहे. हे बोलायला नको होतं. मालकांचा चेहरा बघून कळलं की आपलं इथलं बस्तान हलायला लागलं आहे. वर्षाला अजून तीन महिने होते, आणि मला डोळ्यांसमोर दीपनगरचं क्वार्टर दिसायला लागलं.

साहेब शांत होते. त्यांनी फुटलेल्या कडेचा तळहाताएवढा तुकडा कापला, वजन केलं आणि आमच्या लहान भट्टीत ठेवला. रेझिन जळून जातं, काच उरते. उरलेल्या काचेचं वजन केलं की रेझिन किती होतं ते कळतं. दोन तासांनी तुकडा बाहेर काढला. पांढरेशुभ्र धागे, थर जसेच्या तसे. साहेबांनी वजन केलं, आकडेमोड केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यांचं मिश्रण बरोबर आहे." मला हायसं वाटलं, ते मोजून एक क्षण. मग साहेबांनी भिंग काढलं. त्या पांढऱ्या धाग्यांत एक गाठ बसली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, दोन शेपट्या असलेली. भिंगाचीही गरज नव्हती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. "कुणी मारली?"

मी ओळखली. आपलं अक्षर ओळखावं तशी ओळखली. मी इतकी फटकळ, पण त्या वेळी एक शब्द आला नाही.

"साहेब, हाई गाठ मनी शे," अक्का म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती साहेबांना सांगत होती की मिलची सवय आहे, धागा तुटला की हात आपोआप जातो. साहेबांनी विचारलं, अजून आहेत का अशा? "शेतस ना," अक्का म्हणाली, "बठ्ठ्या मना ध्यानमा शेतस." सगळ्याच्या सगळ्या तिच्या लक्षात होत्या. तिने खडू मागितला. उरलेल्या पाच ट्यूब समोर ठेवल्या होत्या. ती एकेकीपाशी बसली, डोळे मिटून पुटपुटत थर मोजल्यासारखं करायची आणि खडूने फुली मारायची. दोन नंबरवर दोन फुल्या, तीनवर एक, पाचवर तीन, सहावर एक. एक नंबर कोरी सोडली. साहेबांनी दोन फुल्यांच्या जागा तिथल्या तिथे कापून बघितल्या. दोन्ही ठिकाणी गाठ होती आणि गाठीभोवती रेझिन न पोचलेला पांढरा ठिपका होता. आज टिकल्या, उद्या टिकतील असं सांगता येत नाही, साहेब म्हणाले, आणि सहापैकी पाच ट्यूब बाद झाल्या. मालकांनी पेढ्याचा पुडा न उघडता केबिनमध्ये नेला.

अक्काला यंत्रावरून काढलं. साचे खरवडायचं काम दिलं, तेही पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. दुपारी मी तिच्यापाशी जाऊन बसले. म्हटलं, अक्का, तू असं का केलंस? ती खरवडणं न थांबवता म्हणाली, "मनं काय, मी घर बसी जासू. तुनं तसं नही. तुनी सही शे कागदवर. गप ऱ्हाय." मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला गप्प राहायला सांगणारं कुणीतरी हवंच होतं. संध्याकाळी घरी गेले, जेवले, दुसऱ्या दिवशी परत कामावर आले आणि काट्यासमोर बसले. अक्का दाराशी साचा खरवडत होती आणि तो खर्रखर्र आवाज दिवसभर चालू होता. सही करताना मला पहिल्यांदाच स्वतःचं नाव आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब निघणार होते. त्यांची जीप आली तेव्हा मी जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगितलं, चार नंबरमधली गाठ माझी आहे, बाकीच्या तिच्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. खिशातून कागदाची पुडी काढली, त्यात त्या सगळ्या कापलेल्या गाठी होत्या. "यातल्या एकीला शेपट्या आहेत," ते म्हणाले, "बाकी एकीलाही नाहीत. हात दोन आहेत हे मला दिसत होतं. पण कुणी सांगेना." मग ते तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे, कारण कळलं नसतं तर मी काय केलं असतं? ट्यूब कमजोर आहे असं समजून आणखी दोन थर चढवायला सांगितले असते. वजन वाढलं असतं. वर्षभर आम्ही चुकीच्या दिशेने गेलो असतो." आणि शेवटी जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. "चूक माझीही आहे. 'गाठ मारू नका' असं लिहायचं मला सुचलंच नाही. गाठ मारता येणारं माणूस आमच्याकडे कुणी नव्हतं."

साहेबांनी त्या दिवशीचं जाणं रद्द केलं. मालकांना सगळं कळलं. त्यांनी मला बोलावून एकच वाक्य सांगितलं, "उद्या वडिलांना घेऊन ये." बी.एस्सी. झालेल्या बाईला शाळेतल्या मुलीसारखं. पण त्यांची रीत तशीच होती. मुलगी घरातून मागून आणली तशी घरात पोचती करायची, मगच हिशोब मिटला. आणि अक्काला कळल्यावर तिने खरवडणी खाली आपटली. "मी झाकं, तू उघाडं पाडं! कर आते तुनं तू." त्यानंतर तिने तोंड फिरवलं ते तीन आठवडे.

ते तीन आठवडे कसे संपले ते इथेच सांगून टाकते. दुसऱ्या सहा ट्यूबच्या वेळी अक्का उजव्या अंगठ्याला आणि बोटाला चिंधी बांधून यंत्राशी बसायची, हात आपोआप गाठ मारायला गेला तर मारता येऊ नये म्हणून. वहीत साहेबांनी नवा रकाना आखून दिला होता. धागा किती वेळा तुटला आणि कुठे, ते ज्याच्या हातून तुटलं त्याने त्यात लिहायचं. तुटला म्हणून कुणाला बोलायचं नाही, लपवलं तर मात्र सोडायचं नाही. अक्काने एक टिंब काढायचं, मी शेजारी जागा लिहायची. एका सकाळी धागा तुटला, तिने दोन्ही टोकं एकावर एक ठेवली, चार बोटं मोजली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "धर." मी धरलं. बोलणं तिथून परत सुरू झालं. त्या सहाही ट्यूब टिकल्या. पुढे त्यातलं काय कुठे गेलं, काय उडालं, मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पण मी पुढचं आधी सांगून बसले. वडील वर्कशॉपमध्ये आले त्या दिवशी यातलं काहीच झालं नव्हतं. त्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती, डेपोचे काळे डाग असलेला शर्ट बदलून इस्त्रीचा घातला होता. सायकल भिंतीला लावून ते आवारात कडुलिंबाखाली उभे राहिले. मला मालकांनी आधी आत घेतलं. वडिलांना मागाहून बोलावतो म्हणाले.

आत साहेब होते. मालकांचं म्हणणं होतं, दोघींना घरी पाठवतो आणि नवीन माणसं घेतो. साहेब म्हणाले, "नवीन माणसं कुठून आणणार? धागा हाताळता येणारी माणसं या गावात मिलमधूनच येणार. तीही गाठच मारणार. गाठीने काय होतं ते पाहिलेली सध्या या दोघीच आहेत." मालकांनी पंख्याचं बटण फिरवलं. मग म्हणाले, साहेब, जबाबदारी तुमची. साहेब म्हणाले, नाही, वहीची. मला कुणी काही विचारलं नाही. वडिलांना आत बोलवायची मालकांना आठवणच राहिली नाही.

मी बाहेर आले. नोकरी राहिली होती, पण वर्ष वडिलांच्या हातात होतं, आणि मुलीची चूक ऐकायला बोलावलेल्या बापाला आता काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. बघते तर कडुलिंबाखाली अक्का. हातात चहाचे दोन ग्लास, एक वडिलांना दिलेला. वडील तिला "जय भीम, अक्का" म्हणाले, ती "राम राम, भाऊ" म्हणाली आणि मला येताना पाहून ग्लास घेऊन माझ्या अंगावरून निघून गेली. एक अक्षर नाही. वाऱ्याला जागा द्यावी तशी मी बाजूला झाले.

वडिलांनी मला काही विचारलं नाही. सायकल हातात धरून आम्ही चालत निघालो. एमआयडीसीचा रस्ता संपल्यावर ते सायकलीच्या पलीकडून माझ्या बाजूला आले. मग म्हणाले, "त्या बाईने सगळं सांगितलं."

"काय?"

वडिलांनी तिची नक्कल करायचा प्रयत्न केला. घरी ते अहिराणी बोलायचे नाहीत, म्हणून तिचे शब्द फार जपून बोलले. "भाऊ, तुमनी पोर कामनी शे. हात कच्चा शे, तोंड फटकळ शे, पण खोटं पचत नही तिले. सकाय सहाले धाडी द्या." मग ते म्हणाले, "मी म्हटलं, चूक केली तिने. तर ती म्हणाली, मीही केली, आणि आता मी तिच्याशी बोलत नाही, पण ती वेगळी गोष्ट शे."

मला रस्त्यातच रडू आलं. मी रडते तेव्हा वडील नेहमी दुसरीकडे बघतात. त्या दिवशी त्यांनी सायकलच्या चेनकडे बघितलं.

अक्का आता नाही. तिच्यासमोर मी कधी आभाराचा शब्द काढला नाही. काढला असता तर तिने मला खरवडणीने मारलं असतं. म्हणून इथे काढते. ज्या बाईने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि ती मी परत घेतली म्हणून माझ्यावर रागावली, आणि रागावलेली असतानाच माझ्या बापापाशी माझी बाजू मांडली, तिच्यामुळे मी पुढची तीस वर्षं माझी सही ताठ मानेने केली.

घरी आल्यावर वडिलांनी हातपाय धुतले, चष्मा लावला आणि पेटीतून एक पोस्टकार्ड घेतलं. दीपनगरचा पत्ता लिहिला. मग पेन उचलून माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या कामाला काय म्हणतात ते सांग," ते म्हणाले. "इथे लिहायचं आहे."

मी म्हणाले, "ते बाहेर सांगायचं नाही, असं साहेबांनी सांगितलंय."

त्यांनी मान हलवली. डेपोतल्या माणसाला हुकूम कळतो. मग वाकून, एकेक अक्षर कोरत, त्यांनी लिहिलं, "मुलीला काम आहे. राग नसावा. जय भीम." आणि शाई वाळायला कार्ड माझ्या हातात दिलं.